एफए कपाचं आता कुणालाच काही वाटत नाही का?

गनर_ठाणेकर

मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. इंग्लंडचा एफए कप, म्हणजे छोट्या-मोठ्या सगळ्या क्लबांची ती नॉकआउट स्पर्धा, अजून मनापासून कोण कोण बघतं? आमचा फुटबॉलचा ग्रुप आहे, प्रीमियर लीगच्या दिवशी सकाळपासून मेसेज सुरू असतात, आणि चॅम्पियन्स लीगसाठी तर दुसऱ्या दिवशी ऑफिस असलं तरी लोक रात्री दीड वाजता टीव्हीसमोर. पण जानेवारीत कपाची तिसरी फेरी आली, म्हणजे ज्या फेरीत मोठ्या टीम उतरतात ती, तर कुणी स्कोअरसुद्धा विचारत नाही. 1872 ला पहिली फायनल झालेली स्पर्धा आहे ही, फुटबॉलमधली जगातली सगळ्यात जुनी राष्ट्रीय पातळीवरची, आणि आपण ढुंकून बघत नाही.

मी आर्सेनलचा, हा कप आम्ही 14 वेळा जिंकलाय, कुणापेक्षाही जास्त, त्यामुळे मला जरा जास्तच लागतं. 2014 ची फायनल आठवते का? हल सिटीने दहा मिनिटं व्हायच्या आत दोन गोल ठोकले, मग आमच्या काझोर्लाची ती फ्री किक, मग कोशिएल्नी, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये रॅमझी. नऊ वर्षांत एकही ट्रॉफी नव्हती आणि त्या रात्री आम्ही पोरं गच्चीवर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडलो. तीच पोरं आज म्हणतात की कपात बाहेर गेलो तर बरंच, लीगवर लक्ष देता येईल. हे कधी झालं, का झालं? इंग्लंडमध्ये राहणारे कुणी असतील तर तिथे काय वातावरण आहे ते पण सांगा.

लेस्टरची_सून

इथलं विचारलंत म्हणून लिहिते. उत्साह कमी झालाय हे खरं, पण सगळीकडे सारखा नाही. 2021 ला लेस्टरने चेल्सीला 1-0 हरवून कप घेतला तेव्हा तुम्ही आमच्या गल्लीत असायला हवं होतं. त्याआधी चार फायनल खेळून चारही हरलेले, 1949, 61, 63 आणि 69, शेजारचे आजोबा पोरवयापासून हेच बघत आलेले. टीलेमान्सने लांबून तो गोल मारला आणि मग अगदी शेवटी आमच्याच जुन्या, पण तेव्हा चेल्सीकडून खेळणाऱ्या चिलवेलमुळे बॉल आमच्या गोलमध्ये गेला, सगळे मटकन खाली बसले, आणि व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने, ऑफसाइड दिल्यावर तेच आजोबा रडायला लागले. 2016 ला लेस्टरने लीग जिंकलेली बघितलेला माणूस, तरी म्हणाला की हाच तेवढा राहिला होता. कोविडमुळे लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 20 हजारांच्या आसपासच लोक, बाकी सगळं शहर घरात अडकलेलं.

पण साध्या फेरीच्या मॅचला वरचे स्टँड अर्धे रिकामे असतात हेही मी बघितलंय. त्याची कारणं फार साधी आहेत हो. बऱ्याच क्लबांत सीझन तिकिटात कपाची मॅच धरलेलीच नसते, वेगळे पैसे. टीव्हीसाठी मॅच रविवारी संध्याकाळी नाहीतर सोमवारी रात्री ढकलतात, बाहेरगावचा फॅन परतीच्या ट्रेनचं काय करणार? आणि 2008 पासून दोन्ही सेमीफायनलसुद्धा वेम्बलीतच. पूर्वी सेमी व्हिला पार्क, हिल्सबरो अशा अधल्यामधल्या ग्राउंडवर व्हायच्या, वेम्बलीला पोचणं म्हणजेच फायनल होती. आता मँचेस्टर, लिव्हरपूलच्या माणसाने महिन्याभरात दोनदा लंडनला पोरांना घेऊन जायचं म्हणजे घरखर्चाचं गणित बघावं लागतं.

खालच्या_डिव्हिजनचा_फॅन

लेस्टरताई बरोबर बोलल्या, पण मुळाशी पैसा आहे. फायनल जिंकल्याचे साधारण 20 लाख पौंड मिळतात आणि प्रीमियर लीगमध्ये नुसती एक जागा वर सरकली तर जवळपास 30 लाख. मग बाराव्या नंबरवरचा मॅनेजर कपात राखीव टीम उतरवणारच ना. खुद्द मँचेस्टर युनायटेड 1999-2000 ला, आदल्या वर्षीचा कप हातात असताना, ब्राझीलला क्लब वर्ल्ड कप खेळायला गेली आणि एफए कप खेळलीच नाही. लोकांच्या मनातून कप उतरायला तिथूनच सुरुवात झाली असं माझं ठाम मत आहे. 2020 ला लिव्हरपूलने श्रुसबरीसमोर रिप्लेला (बरोबरी झाली की पुन्हा खेळायची ती मॅच) तेवीसच्या आतली पोरं उतरवली आणि त्यांचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉप स्वतः आलाच नाही. पोरं जिंकली ते सोडा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिप्ले बंद केले. 2024-25 पासून पहिल्या फेरीपासून पुढे कुठेच रिप्ले नाही, कारण काय तर चॅम्पियन्स लीगच्या मॅच वाढल्या. खालच्या क्लबांनी किती आरडाओरडा केला तेव्हा, कुणी ऐकलं नाही. कपात तिकिटाच्या पैशातून खर्च वजा जाऊन 45 टक्के यजमानांना आणि 45 टक्के पाहुण्यांना मिळतात. आता 2005 चं एक्झीटर सिटी बघा, पाचव्या पातळीवर घसरलेला, कर्जात बुडालेला, फॅन्सनीच चालवायला घेतलेला क्लब. ओल्ड ट्रॅफर्डला 67 हजारांसमोर 0-0 केली, मग रिप्ले स्वतःच्या ग्राउंडवर आणि तोही टीव्हीवर. रिप्ले हरले 2-0, पण त्या दोन मॅचच्या पैशातून कर्जातून सुटले. आजच्या नियमात त्याच दिवशी एक्स्ट्रा टाइम नाहीतर पेनल्टीवर विषय संपला असता. 1972 चा खालच्या लीगमधल्या हेरफर्डच्या रॅडफर्डचा न्यूकॅसलविरुद्धचा चिखलातला गोल पण रिप्लेमधलाच. पहिली मॅच न्यूकॅसलला 2-2 झाली म्हणून ते हेरफर्डला आले.

गनर_ठाणेकर

एक्झीटरचं माहीतच नव्हतं, भारी. पण क्लॉपला सगळा दोष देता येईल का? दर तीन दिवसांनी मॅच, खेळाडूंचे हॅमस्ट्रिंग जातायत, आणि तो आठवडा तर त्यांना सुट्टी म्हणून दिलेला होता. कॅलेंडर ज्यांनी भरलं त्यांना धरा की. आणि लहान टीमसुद्धा आता सातव्या-आठव्या नंबरसाठी कप सोडतात, ते मला जास्त खटकतं. त्यांना लीग थोडीच मिळणार आहे?

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक

तुमची पिढी एफए कपाची काळजी करतेय ते चांगलंच आहे, पण आपल्या मुंबईत रोव्हर्स कप होता हे किती जणांना माहितीये? एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली स्पर्धा, कूपरेजवर व्हायची. 1950 ते 54 सलग पाच वर्षं हैदराबाद पोलीसने नेला, रहीमसाहेब त्यांचे कोच. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन, गोव्याचे साळगावकर, धेंपो सगळे यायचे, आणि आपले मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स त्यांना भिडायचे. आम्ही ऑफिस सुटलं की चर्चगेटहून तडक चालत ग्राउंडवर. बंगालची टीम असली की मुंबईतले सगळे बंगाली एका बाजूला आणि गोव्याची असली की गिरगाव-माझगावचे गोवेकर, काय आवाज असायचा!

1996 ला नॅशनल लीग आली, मोठ्या क्लबांना मुंबईत कपासाठी मुक्काम करायला वेळ उरला नाही, मग राखीव खेळाडू यायला लागले, मग प्रेक्षक तुटले. 2000-01 नंतर स्पर्धाच झाली नाही. वरती तुम्ही इंग्लंडचं जे लिहिताय ना, राखीव टीम, कॅलेंडर, तारीख इकडे-तिकडे, हे सगळं मी कूपरेजवर याच क्रमाने बघितलंय. म्हणून मला एफए कपाची खरंच काळजी वाटते, कुणी उठून बंद करत नाही हो, हळूहळू कुणाला गरजच वाटेनाशी होते.

पेठेतला_स्ट्रायकर

काका, एकदा कोल्हापूरला या. आमच्याकडं लीग संपली की चषकांच्या नॉकआउट सुरू होतात, शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार नाहीतर शिवाजी मंडळ अशी पेठांतल्या तालमींची मॅच असली की दुपारी उन्हातच जागा धरून बसावं लागतंय. इथं कुठला मॅनेजर राखीव टीम उतरवतोय? उतरवली तर रात्री पेठेत त्याला फिरता यायचं नाही. हरला तर शेजारच्या तालमीची पोरं पुढच्या सीझनपर्यंत ऐकवणार, ते बक्षिसाच्या रकमेपेक्षा लई मोठं असतंय भावा. माझं म्हणणं एवढंच की ज्याचं घर ग्राउंडजवळ आहे त्याला कप कधी लहान वाटत नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतोय.

खालच्या_डिव्हिजनचा_फॅन

@पेठेतला_स्ट्रायकर नाद खुळा! पण टीव्हीवाल्यांनाही क्रिस्टल पॅलेसने 2025 ला हलवलंच की. मँचेस्टर सिटीला 1-0, एझेचा गोल, हेंडरसनने मारमूशची पेनल्टी अडवली, क्लबच्या आयुष्यातली पहिली मोठी ट्रॉफी. त्यावर युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा, मिळायला हवी होती तर एकाच मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नकोत या नियमावर बोट ठेवून यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्यांना त्याखालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. कप जिंकून हक्काची जागा मिळत नसेल तर गनर भाऊ, त्या आठव्या नंबरवाल्याला तरी काय सांगणार आपण?

लेस्टरची_सून

पॅलेसच्या लोकांना विचारा, त्यांना ती फायनल हवी की चौथा नंबर. इथे माझ्या ऑफिसात एक जण आहे पॅलेसचा, अजून लॅपटॉपवर त्या दिवसाचा फोटो आहे.

आणि कुणी ऑगस्टमध्ये इकडे येणार असेल तर कपाच्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्या बघा, सातशेच्या वर क्लब भाग घेतात, त्यातली एखादी मॅच तुम्ही असाल तिथून जवळ नक्की सापडेल. बहुतेक ठिकाणी तिकीट गेटवरच मिळतं, रेलिंगला टेकून उभं राहायचं, गोलकीपर काय ओरडतोय ते सगळं ऐकू येतं. आम्ही मुलांना घेऊन जातो. धाकटीला तर प्रीमियर लीगपेक्षा हेच आवडतं, मॅच संपली की खेळाडू येऊन हाय-फाय देतात.