मदत हवी आहे: लाखेवरची बोरमाळ दुरुस्त कुठे होईल?

मंडळी, आम्ही देवगडचे. तेरड्याच्या गौरीला दरवर्षी सासूबाईंची बोरमाळ घालतो. यंदा चकाकावी म्हणून मी ती रिठ्याच्या पाण्यात टाकली आणि तिथेच फसले: पाणी कढत होतं. बोरमाळेचे मणी भरीव नसतात, पातळ सोन्याच्या पत्र्याच्या आत लाख असते. ती मऊ झाली, तीन मणी चेपले, एकाच्या भोकातून लाख तपकिरी थेंबासारखी बाहेर आली. दोराही सुटला. मी "तुटली" म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, "तुटली म्हणू नये गो, वाढली म्हण." बाकी एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

सोनाराकडे गेले तर तो म्हणतो, मोडा आणि नवीन घ्या, आता असलं काम कोण करतो? मोडायची नाहीये. ही माळ सासूबाईंना माहेरून आलेली.

तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी जुना कारागीर माहीत आहे का, जो मणी काढून लाख पुन्हा भरेल? आणि रेशमात गाठवून देणारा पटवेकरी?

आणखी एक. जुन्या चिठ्ठीवर "2 तोळे" आहे. तेव्हाचा तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे 23 ग्रॅमच्या वर. सोनार आता 10 चा धरतो. पण त्या वजनात लाख धरलेली असायची की निव्वळ सोनं? तुमच्या घरच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय? गौरी यायच्या आत कळलं तर बरं.