विषग्रंथी काढलेला नाग: सोय कोणाची?

शेवाळ:
लोकांसमोर हाताळता यावा म्हणून पाळलेल्या नागाच्या विषग्रंथी काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. ही ग्रंथी डोळ्यामागे, जबड्याच्या स्नायूंना बिलगून असते. तिथे चिरा देऊन ती सोडवायची, आणि डोकं बसकं दिसू नये म्हणून कधी आत सिलिकॉनचा तुकडाही भरायचा! सापाला याचा फायदा शून्य.

काठावरचा:
रोज पिंजरा साफ करणाऱ्याला विचारा की फायदा कोणाचा. मांजराची नसबंदी करतो तेव्हा तरी कुठला आजार बरा करतो आपण? प्राणीवैद्याने नीट भूल देऊन केली तर हरकत काय? आता कोणी म्हणेल, विषाशिवाय त्याला पचणार नाही. मेलेले उंदीर गिळून असे साप व्यवस्थित जगतात.

हुकवाली:
पचनाचं मान्य. विषातली विकरं भक्ष्य विरघळवायला हातभार लावतात, पण पिंजऱ्यातल्या सापाचं त्यावाचून अडत नाही. माझं घोडं अडतं ते 'नीट भूल देऊन' पाशी. अनेक प्राणीवैद्य या कामाला हातच लावत नाहीत, मग ते हौशी मंडळी उरकतात. साप बर्फात गार करायचा, निपचित पडला की ब्लेड चालवायचं. थंडीने हालचाल थांबते हो, वेदना थांबते असं कोणी सांगितलं?

दुसरं म्हणजे, ग्रंथीचा अंश मागे राहून किंवा विष दातापर्यंत नेणारी कापलेली नलिका पुन्हा जुळून विष परत आल्याची उदाहरणं आहेत. बाहेरून काही कळत नाही. विषदंत तर जागच्या जागी असतातच, आणि 'आता बिनविषारी' म्हणून साप लांबून उचलायचा हुक कोपऱ्यात गेलेला असतो.

काठावरचा:
हुकही चुकतो.

हुकवाली:
चुकतो ना. म्हणूनच साप तोंडाकडून पारदर्शक नळीत घ्यायचा, पिंजरा साफ करताना बंद पेटीत सरकवायचा, प्रतिविष कुठे मिळेल ते आधी पाहून ठेवायचं. एवढं जमत नसेल तर अजगर पाळा! बरं, उद्या असा शस्त्रक्रिया झालेला नाग तुमच्या ताब्यात आला, तर मोकळ्या हाताने उचलाल?

काठावरचा:
नाही. विषारी समजूनच हाताळेन.

शेवाळ:
मग चिरफाड करून मिळवलं काय?

काठावरचा:
दंश झालाच तर कदाचित विष कमी जाईल. मला तेवढंही पुरेसं वाटतं.