‘पूर्वी स्टार’ पदक नोंदवायचं राहिलं असेल तर

वडील १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर, आणि डिस्चार्ज बुकात (सैन्यातल्या सेवेची नोंदवही) फक्त संग्राम मेडल, त्या आघाडीसाठीचा पूर्वी स्टार नाही, तर तो कसा मिळवायचा, असं तुम्ही विचारलंय. इथे आधी कुणी थेट दिल्लीला अर्ज सुचवलाय, पण सैनिकाच्या नोंदी असतात त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणून अर्ज तिथे करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्जात आर्मी नंबर, युनिट आणि डिसेंबर ७१मध्ये युनिट कुठे होतं ते ठळक लिहा. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स जोडा, कोरी पानंसुद्धा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र सोबत मिळालं तर उत्तमच. बाजारात पदक विकत मिळतं म्हणून घेऊन टाकू नका, नोंद तशीच अपुरी राहते. आणि १५ ऑगस्ट १९७२ला वडील नोकरीत होते ना? मग स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचं मेडलही त्याच अर्जात मागा.