नळाला करंट लागतोय! (बी विंग ग्रुप)

बी-३०२: नमस्कार. कालपासून गीझर चालू असताना शॉवरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. अजून कोणाकडे होतंय का?

बी-१०४: रबरी चपला घालून अंघोळ करा 😄

बी-५०१: चेष्टा नको. ताई, गीझरचा एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) आत्ताच्या आत्ता पाडा. बाकीचं नंतर बोलू.

बी-३०२: पाडला काका. पण सकाळीच वायरमन येऊन गेला. आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की पडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. म्हणाला अर्थिंग ओके.

बी-५०१: तिथेच गफलत आहे. बटणाने फक्त आरसीसीबी पडतो का एवढंच कळतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी तो पडणारच.

बी-२०३: मग नळात करंट असताना आपोआप का नाही पडला?

बी-५०१: आरसीसीबी ३० मिलिअँप गळतीला पडणारा. झिणझिण्या १ मिलिअँपलाही जाणवतात. अर्थ शाबूत असती तर गळती तिच्यातून गेली असती आणि तो पडला असता. आता वाट फक्त ताईंच्या अंगातून. अंग ओलं, पाय अनवाणी असले की तोच करंट वाढतो. संध्याकाळी मीटर घेऊन येतो.

बी-५०१: सापडलं! मेन बंद करून डीबीच्या (एमसीबींच्या डब्याच्या) अर्थ पट्टीपासून लांब वायर बाथरूमपर्यंत नेली, सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाशी कंटिन्युइटी बघितली (वायर अखंड असली की मीटर बीप करतो). बीप नाही. उघडलं तर हिरवी वायर टेप गुंडाळून मागे कोंबलेली. कोणी केलं देव जाणे. जोडली आणि गीझर लावला, तर आरसीसीबी लगेच पडला. म्हणजे एलिमेंटही (पाणी तापवणारी कॉइल) गेलंय. ताई, बदलेपर्यंत गीझर बंदच.

बी-२०३: माझ्याकडे फेज-अर्थ २३० व्होल्ट येतात. ठीक ना काका?

बी-५०१: नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका. तो इतका कमी करंट ओढतो की जेमतेम टेकलेली वायरही २३० दाखवते. खरं काय ते लूप टेस्टर (अर्थची अख्खी वाट तपासणारं यंत्र) सांगतो.

बी-३०२: आणि बाथरूममध्ये पाण्याच्या पाइपला आवळलेली ती धातूची पट्टी कशाला?

बी-५०१: तो बाँडिंगचा क्लॅम्प, पाइप अर्थला जोडणारा. तुमचे पाइप लोखंडी, पण क्लॅम्प बसवलाय ऑइलपेंटवर! पाइप ते गीझरची बॉडी, बीपच नाही. कानशीने रंग खरवडला, परत आवळला, मग रोध फक्त ०.४ ओहम. त्यातले ०.३ माझ्या मीटरच्या वायरींचेच, पिना एकमेकींना टेकवल्या तरी तेवढे दाखवतो. प्लॅस्टिक पाइपवाल्यांना नळासाठी हे नको, गीझरची अर्थ मात्र हवीच.

बी-१०४: काका, आमच्या सॉकेटला अर्थची वायरच नाही. न्यूट्रलवरून अर्थच्या भोकाला जंपर (जोडवायर) मारला तर चालतं ना?

बी-५०१: अजिबात नाही! न्यूट्रल कुठे तुटली की गीझरची अख्खी बॉडी फेज होते.

बी-१०४: मारलेला आहे. काढू का?

बी-५०१: हात लावू नका. एमसीबी पाडा, आलोच.