मदत हवी आहे : क्रोम प्लेटिंगची जुनी जागा, सफाईचा खर्च जुन्या विमा पॉलिसीतून निघेल का?

गिरणाकाठ
जळगाव एमआयडीसीतलं क्रोम प्लेटिंगचं युनिट 2004 ला बंद झालं. जागा अजून त्याच भागीदारी फर्मकडे. शेजारच्या बोअरमध्ये क्रोमियम निघालं, बोअरवाल्याची भरपाईची नोटीस आली आहे. 1970 ते 2000 च्या दरम्यान पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (बाहेरच्यांच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा) होत्या, कागद सापडत नाहीत. अमेरिकेत अशा पॉलिसींवर सफाई होते म्हणे. इथे सुरुवात कुठून करावी?

तापीखोरं
भाऊ, तिकडचं गणित इकडे जसंच्या तसं लागत नाही. तिथल्या जुन्या पॉलिसी घटनेवर चालत. नुकसान त्या मुदतीत झालेलं असलं की दावा नंतर आला तरी चाले. 1986 पासून तिथेही प्रदूषण सरसकट वगळलं. आपल्याकडच्या नंतरच्या औद्योगिक पॉलिसी बहुतेक क्लेम्स-मेड, म्हणजे दावाही पॉलिसी चालू असतानाच यायला हवा. त्या संपल्या की विषय संपला. तेव्हा घटनेवर चालणारी जुनी पॉलिसी शोधा आणि प्रदूषण वगळल्याचं कलम आधी वाचा. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालच्या पॉलिसीच्या मागे लागू नका. त्या कायद्यात अपघातापासून 5 वर्षांत अर्ज करावा लागतो.

सातपुड्याखाली
मूळ पॉलिसी नसली तरी पुरावा उभा करता येतो. ऑडिट झालेल्या वह्यांतलं विमा खातं, प्रीमियमची व्हाउचर, बँकेची कॅश क्रेडिट फाइल, एजंटकडच्या कव्हर नोट (पॉलिसी येईपर्यंतचा तात्पुरता कागद). नुसती प्रीमियमची नोंद पुरत नाही, कारण ती आगीच्या पॉलिसीचीही असू शकते. पॉलिसी नंबर मिळाला तर सुरुवातीच्या आकड्यांत सहसा कार्यालयाचा कोड असतो. 1973 पूर्वीची कंपनी असेल तर ती चार सरकारी कंपन्यांपैकी कुणात विलीन झाली ते पाहून तिथेच अर्ज करा.

आणि टाकीखालची माती आत्ताच उकरू नका! आधी सगळ्या विमा कंपन्यांना लेखी सूचना द्या, बोअरवाल्याच्या नोटिशीची प्रत जोडून. त्यांच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली किंवा तडजोड केली, तर नकाराला आयतं कारण मिळतं. स्वतःच्या ताब्यातली जमीन अशा पॉलिसीत सहसा वगळलेली असते. दाव्याचा आधार शेजाऱ्याचं पाणी. नकाराचं पत्र आलं तर तारीख जपा, कोर्टातल्या दाव्याची 3 वर्षांची मुदत त्यावरून मोजतात.

तापीखोरं
पाण्याचा नमुना एनएबीएल (सरकारी मान्यताप्राप्त) लॅबकडूनच घ्या. एकूण क्रोमियमची बाटली नायट्रिक ॲसिड घालून, हेक्साव्हॅलंटची (क्रोमियमचा जास्त विषारी प्रकार) मात्र ॲसिडशिवाय, बर्फात, 24 तासांत तपासायची. दोन्ही एकाच बाटलीत दिलं की हेक्साव्हॅलंट कमी दिसतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.05 मिलिग्रॅम प्रतिलिटर, एकूण क्रोमियमची.

गिरणाकाठ
मधल्या काळात भागीदार बदलले. अडचण?

सातपुड्याखाली
विमा फर्मच्या नावाने असेल तर फारशी नाही. पण प्रत्येक बदलाचं भागीदारीपत्र आणि रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा उतारा क्रमाने लावा. मधला एक जरी गहाळ असला तर कंपनी तिथेच बोट ठेवते.