गाडी चालवायला डोळे लागतात, पिस्तुलाला नाही? (टेक्सास लायसन्स रिन्युअल)

केटीकर_काका: काल इथे एकाने मोठ्या कौतुकाने लिहिलं, "सोफ्यावर बसून हॅन्डगन लायसन्स रिन्यू केलं, चहा निवायच्या आत काम झालं, सरकारी काम असावं तर असं." डोकंच फिरलं. मी काढलं तेव्हा त्याला सीएचएल (कन्सील्ड हॅन्डगन लायसन्स) म्हणायचे, २०१६ पासून एलटीसी (लायसन्स टू कॅरी, म्हणजे हॅन्डगन जवळ बाळगायचं लायसन्स) झालं. पहिल्यांदा ५० गोळ्या झाडायच्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ मिळवायचे. रिन्यू करतानाही क्लास असायचा तो २०१३ ला काढून टाकला. आता कायद्याची माहिती वाचली म्हणून टिक करा, ४० डॉलर भरा, पाच वर्षं निश्चिंत. माझे शेजारी ८१ वर्षांचे. ७९ नंतर ड्रायव्हिंग लायसन्सला ऑफिसात जाऊन डोळे दाखवावे लागतात, तिथे त्यांचं गाडीचं लायसन्स गेलं. पिस्तुलाचं घरबसल्या आलं! आवाज दिल्याशिवाय मला ओळखत नाहीत हो ते. रिन्युअललाही परीक्षा हवीच.

प्लेनोचा_पाटील: काका, सप्टेंबर २०२१ पासून २१ च्या वरच्या माणसाला, कायद्याने बंदी नसेल तर, इथे लायसन्सच लागत नाही हे विसरलात का? ज्याने काहीच काढलं नाही त्याला कोणी विचारत नाही, आणि जो बोटांचे ठसे देऊन रीतसर आला त्याचीच पुन्हा परीक्षा. म्हणजे टीसीने तिकीटवाल्यालाच धरायचं!

अनुराधा_ह्यूस्टन: लागतच नाही तर काढता कशाला? मिरवायला?

प्लेनोचा_पाटील: न्यू मेक्सिकोत आमचं लायसन्स चालतं, बिनलायसन्सची मुभा चालत नाही. शाळेपासून १००० फुटांत बंदूक नको असा फेडरल नियम आहे, त्यात लायसन्सवाल्याला सूट. माहिती नसेल तर विचारावं, टोमणे नंतर. आणि एचवन व्हिसावर असाल तर शिकारीच्या लायसन्सची पळवाट सोडून तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही, मग हा विषय तुमचा नाहीच.

अनुराधा_ह्यूस्टन: माझी मुलं इथल्या शाळेत जातात. विषय माझाच आहे. व्हिसा कुठला ते तुम्ही काढू नका.

कुडाळचो_झील: मेल्यांनू, तुमचा चाळीस डॉलरचा काय ता दुखणा! आमच्याकडे बाबांची शेतीसंरक्षणाची सिंगल बॅरल. रिन्यू करायला पोलीस रिपोर्ट, सातबारा, या टेबलावरून त्या टेबलावर. २०१९ च्या कायदादुरुस्तीत परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली तेवढंच सुख. आणि आचारसंहिता लागली की बंदूक जमा करा! नियमाने छाननी समितीने माणूस बघून ठरवायचं, आमच्या गावात सरसकट निरोप येतो. २०२४ ला मार्चमध्ये लागली ती जूनपर्यंत. ऐन काजूत. डुकरांनी बाग नांगरून ठेवली, बाबा रात्री पत्र्याचा डबा बडवत फिरत होते.

प्लेनोचा_पाटील: बघा! कागद वाढवले की त्रास सरळ माणसालाच. डुक्कर काय परवाना घेऊन येतं?

केटीकर_काका: कुडाळच्या डुकराचा आणि केटीच्या वॉलमार्टचा काय संबंध? धागा कुठे नेताय?

कुडाळचो_झील: काका, आमचो संबंध पोटाचो आसा. तुम्ही ८१ वर्षांच्या एका म्हाताऱ्यावरून कायदा बदलायला निघालात, मग माझे बाबा काय वाईट?

सोलापुरी_चटणी: बाबांची बंदूक ठाण्यात नीट राहते का पण? आमच्या आजोबांची बारा बोअर परत आली ती गंज चढून. पावतीवर मात्र "सुस्थितीत".

कुडाळचो_झील: आमच्या दस्त्याला चीर गेली. विचारलं तर म्हणे आधीचीच.

प्लेनोचा_पाटील: काका, एक सांगा, शेजाऱ्यांच्या मुलांशी बोललात? का थेट इथेच?

केटीकर_काका: बोललो. मुलगी म्हणाली, "बाबांचं तेवढंच एक उरलंय, राहू दे." पुढे काय बोलणार? बरं, गोळ्या झाडायची परीक्षा नको तुमची. निदान डोळे तपासा.

प्लेनोचा_पाटील: डोळ्यांचं मान्य. तेवढंच. उद्या क्लास परत आणा म्हणालात तर पुन्हा भांडेन.

अनुराधा_ह्यूस्टन: वा, पाटलांनी काहीतरी मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवते.

कुडाळचो_झील: तुमचं मिटलं असेल तर सांगा, बाबांचं रिन्युअल डिसेंबरात आहे, ओरोसला कलेक्टर ऑफिसात कोणाची ओळख?