बदलीवर आलेल्या वादकानं गप्प बसायचं, हे कुणी ठरवलं?

डग्गातबला:
गाण्यांचा ग्रुप चालवणाऱ्या स्वरयात्री यांनी परवा इथे लिहिलं, "बदली वादकांचे नखरे फार वाढलेत. सांगू ते वाजवावं, पाकीट घ्यावं, घरी जावं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बदलीचा फोन कधी येतो? नेहमीचा तबलजी आजारी पडला किंवा त्याला जास्त पैशांची नाइट, म्हणजे दुसरा कार्यक्रम, मिळाला की. दिवाळी पहाटेच्या सीझनला तर आदल्या रात्री. "दादा, काहीही करा पण या." आपण गेलो, की तेच लोक ओळख नसल्यासारखे वागतात.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. ठाण्यात पहाटेचा कार्यक्रम. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गाण्यांची यादी आली, एकाही गाण्यापुढे पट्टी, म्हणजे गायकाचा सा कुठला, ते नाही. विचारलं तर "उद्या बघू." पोचल्यावर कळलं, बाई काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी हा सा) गाणार, बुवा काळी एकमध्ये. बाईंसाठी एक तबला मध्यमात, म्हणजे त्यांच्या 'म'वर, काळी दोनला लावला, दुसरा काळी एकला. इथपर्यंत ठीक. कार्यक्रम रंगात आला आणि बुवांनी कीबोर्डवाल्याला नुसती खूण केली. पीस, म्हणजे गाण्यातलं नुसतं वाद्यांचं संगीत, सुरू झाला तेव्हा मला कळलं, की पट्टी एक स्वर खाली, पांढरी सात झालीय! काळी एकचा तबला भर गाण्यात तिथे कसा उतरवायचा? गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या विणीवर, खालून हातोडी मारून मारून उतरवला तर चाट, म्हणजे कडेचा आवाज, मेली, नुसता धप्प धप्प आवाज. बाजूचे दोघे हसत होते. गाणं संपल्यावर बुवा माईकवर म्हणाले, "आज आमचे नेहमीचे तबलजी नाहीत, सांभाळून घ्या." निवेदिकेनं शेवटी सगळ्यांची नावं घेतली, माझं सोडून.

पट्टी आधी कळवा, बदललीत तर आधी सांगा, स्टेजवर अपमान करू नका. याला नखरे म्हणतात?

स्वरयात्री:
माझं अर्धंच वाक्य उचललंत, म्हणून उत्तर देतो. ग्रुप चालवणं म्हणजे काय हे बदलीवर फिरणाऱ्यांना कळत नाही. हॉलचं भाडं, साउंड, लाइट, तिकिटं खपली नाहीत तर खिशातून पैसे. महिनाभर तालमी करून आम्ही गाणी बसवतो, बदलीवाला येतो पहिल्या गाण्याच्या अर्धा तास आधी.

माझाही अनुभव ऐका. एकानं मध्यंतरात तबला बॅगेत भरला. का, तर रात्री दुसरीकडे नाइट घेतलेली! दुसरा अंक आम्ही ऑक्टापॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर काढला. तिकीट काढून आलेले लोक मला येऊन बोलले, त्याला नाही. त्या दिवसापासून बदलीवाल्याला मी जास्त डोक्यावर घेत नाही.

आणि पट्टीचं म्हणाल तर गळा माणसाचा आहे. बसला तर बसला. कीबोर्डवर पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं की प्रश्न मिटतो. प्रोफेशनल तबलजीनं चार तबले बरोबर ठेवावेत.

डग्गातबला:
चार तबले लोकलनं घेऊन जाऊ? टॅक्सीचे पैसे तुम्ही देता का? मध्यंतरात पळून गेला त्यानं चूकच केली. पण त्याचा राग तुम्ही पुढच्या प्रत्येकावर काढणार, आणि त्यालाच शिस्त म्हणणार?

काळीपाच:
मी गाते, म्हणून बोलते. पहाटे साडेपाचला गळा तापलेला नसतो. संध्याकाळी काळी पाचमध्ये सहज लागणारा तारसप्तक पहाटे लागत नाही. पट्टी अर्ध्यानं उतरवणं ही लहर नाही, नाइलाज असतो. तो तुम्हा तबलजींना कधी समजत नाही, लगेच तोंडं वाकडी होतात.

पण बुवांनी माईकवर जे केलं ते मी कुणालाही करू देणार नाही. चुकलं कुणाचं हे श्रोत्यांना सांगायचं नसतं.

पेटीवाले नाना:
सगळ्याचं मूळ ते बटण आहे, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पूर्वी पेटीवाल्याला बाराही पट्ट्यांत हात फिरवावा लागे. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तर पेटीवाल्याला घाम फुटायचा, म्हणून गायकही दहादा विचार करायचा. आधी बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणाऱ्या स्केलचेंजर पेट्या आल्या, मग हे बटण आलं. आता बदलाची किंमत मोजायला एकटा तबलजी उरला, कारण त्याच्या चामड्याला बटण नाही.

या पेटीला आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दारं बंद ठेवली होती. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, स्वर पक्के बांधलेले, असा आक्षेप होता. पण तिच्यावर घडलेल्या माणसाला कान होता. आजच्या कीबोर्डवाल्याला विचारा, बटण काढून पांढरी सातमध्ये वाजव. बोटं अडतील.

स्वरयात्री:
नाना, वयाचा मान ठेवून सांगतो, हे सरसकट बोलणं बरं नाही. मी बटणाशिवाय कोणत्याही पट्टीत वाजवतो. पण तीन तासांत वीस-बावीस गाणी, प्रत्येकाचे पीस, व्हायोलिन, बासरी, सतार सगळे टोन एकट्यानं सांभाळायचे. पूर्वी तिथे पाच वादक बसायचे. त्यांचे पैसे द्यायला आज कोण तयार आहे? बटणाला शिव्या देण्याआधी याचा विचार करा.

पेटीवाले नाना:
पाचांचं काम एक करतो, त्याचा अभिमान काय सांगता? त्यातले चार घरी बसले.

साइडऱ्हिदम:
तबलजींना फार पुळका आलाय म्हणून लिहितो. मी ऑक्टापॅड आणि हँडसॉनिक हे इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवतो. बदलीवर जातो तेव्हा सगळ्यात जास्त त्रास तबलजीच देतात. "तो पॅडवाला" म्हणतात, नाव घेत नाहीत. पुढचा मॉनिटर स्पीकर त्यांच्याकडे वळवलेला, मला गाणं ऐकूच येत नाही. मी केरवा तालाला नुसती साथ धरली तरी वळून डोळे वटारतात. पॅड १९८५ च्या सुमारास आले, त्याला चाळीसेक वर्षं झाली, तरी आम्ही यांच्यासाठी वादक नाहीच. डग्गातबला, तुमच्या बाजूचे दोघे हसले हे वाईटच. तुम्ही कधी पॅडवाल्याला पाणी विचारलंत का?

डग्गातबला:
विचारलंय. आणि मुद्दा भरकटवू नका.

साइडऱ्हिदम:
तुमची तक्रार तो मुद्दा, आणि माझी भरकटणं! बदलीवर मीही जातो.

एडिसनकर:
न्यूजर्सीतून लिहितोय. भारतातून कलाकार येतात तेव्हा व्हिसा, विमानाचा खर्च म्हणून एक-दोघंच वादक आणतात, बाकी आम्ही इथले. नोकरी सांभाळून आठवडाभर रात्री जागून गाणी बसवतो. मग पाहुणे स्टेजवर क्रम बदलतात, कडवं गाळतात आणि आमच्याकडे असं बघतात की आम्हीच कच्चे. एका मोठ्या गायिकेनं मात्र प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ठेका आणि कितवं कडवं गाळायचं ते लिहून दोन आठवडे आधी पाठवलं होतं. त्या कार्यक्रमात कुणाचा आवाज चढला नाही. जमतं, करायचं असेल तर.

स्वरयात्री:
दोन आठवडे आधी! तुमच्याकडे वर्षात दोन कार्यक्रम. आमच्याकडे गणपतीत दहा दिवसांत आठ नाइट असतात, त्यातल्या दोन आदल्या दिवशी ठरतात. आयोजक फर्माइशी आणतात, पुढारी येऊन मध्येच गाणं बदलायला लावतात. कागदावर लिहिलेलं टिकत नाही.

काळीपाच:
यादी टिकत नाही हे खरं. पण पट्टी गायकाला माहीत असते ना? मी माझ्या प्रत्येक गाण्यापुढे लिहून देते, तीस सेकंदांचं काम. उतरवायची झाली तर आधीच्या गाण्याचा शेवट होताना तबल्याकडे बघून बोट दाखवते. त्याला हातोडी मारायला निवेदनाचा वेळ मिळतो. निवेदिकेला दोन वाक्यं जास्त बोलायला सांगायचं. यात ग्रुपचा काय खर्च झाला?

डग्गातबला:
ताई, एवढंच हवं होतं. निवेदनाच्या मिनिटभरात तबला अर्ध्या स्वरानं नीट लागतो. पीस सुरू झाल्यावर नाही लागत. हे ज्याला माहीत नाही त्यानं ग्रुप चालवू नये. आणि तोंडं वाकडी होतात म्हणालात, तेही मान्य. गळा बसतो तेव्हा गाणाऱ्याचं काय होतं हे आम्ही विचारत नाही.

स्वरयात्री:
ग्रुप कुणी चालवावा हे तुम्ही ठरवू नका. यादीत पट्टी लिहायची, ठीक आहे, पुढच्या वेळेपासून लिहीन. नाव घ्यायचं तर निवेदिकेच्या कागदावर बदलीवाल्याचं नाव आदल्या रात्री कुठून असणार? स्वतः जाऊन सांगावं, लाज कसली? आणि मध्यंतरात निघून जाणार नाही हे फोनवरच कबूल करून घेणार. तेवढा हक्क माझा.

डग्गातबला:
घ्या कबूल करून. दुसरी नाइट घेतली असेल तर फोनवरच सांगू. पण मग पाकीटही कार्यक्रम संपला की हातात द्यायचं. "गुगल पे करतो" म्हणून आठ-आठ दिवस फोन उचलत नाहीत, त्याबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

साइडऱ्हिदम:
पाकिटाचं शंभर टक्के खरं. मॉनिटरचं काय करणार ते मात्र सांगितलं नाहीत.